प्रायमर मारूनबी छताचे पोपडे निघायलेत? आधी पोपडा उलटा करून बघा

मागच्या दोन-तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, की भाऊ प्रायमर चांगलं वापरलं, मशीननं फवारलं, वर दोन हात इमल्शन दिलं, अन् सहा महिन्यांत छताचे पोपडे निघायलेत, पंख्याच्या भोवती तर नखानं टोकरलं की वहीच्या पानावानी निघतंय, कामून? मी लातूरला रंगकाम करतो, अठरा वर्षं झाली, त्यातली शेवटची पाच वर्षं एअरलेस मशीन आहे, म्हणजे हवा न मिसळता नुसत्या प्रेशरनं रंग फवारणारं. हा त्रास माझ्या स्वतःच्या कामात तीनदा आलाय म्हणून सविस्तर लिहायलोय, जरा लांब होईल, पण पूर्ण वाचा.

पहिल्यांदा झालं ते औसा रोडच्या एका बंगल्यात. मी प्रायमरला दोष दिला अन् कंपनी बदलली. दुसऱ्यांदा अंबाजोगाईला, तिथं कंपनी वेगळी, पोपडे तेच. मग मी पुट्टीवर आलो, म्हणजे प्रायमरच्या आधी छत गुळगुळीत करायला ओढतात तो पांढरा लेप, पुट्टी बदलली. तिसऱ्यांदा झालं माझ्या मेव्हण्याच्या घरी उदगीरला, अन् तिथं घरचं काम असल्यामुळं मालकाची बोलणी नव्हती, निवांत बघायला वेळ मिळाला. हॉलचं छत पोपडलेलं, बेडरूमचं पोपडलेलं, पण किचनमधला जो माळा आहे त्याच्या खालची बाजू एकदम टणटणीत. पुट्टी तीच, प्रायमरची बादली तीच, दिवस तोच. फरक एवढाच की माळ्याखाली मशीनची गन नीट फिरत नव्हती म्हणून माझ्या हाताखालच्या पोरानं तिथं ब्रशनं दाबून प्रायमर मारलं होतं. बाकी सगळीकडं नुसती फवारणी. तिथं मला पहिल्यांदा कळलं की चूक डब्यात नाही, चूक आपल्या मशीन वापरायच्या पद्धतीत आहे.

हॉलमधला एक तळहाताएवढा पोपडा काढून उलटा केला, मोबाईलची बॅटरी लावली, बोट फिरवलं तर बोटाला गव्हाच्या पिठासारखी पांढरी भुकटी. म्हणजे प्रायमर छताला चिकटलंच नव्हतं, ते पुट्टी घासल्यानंतर राहिलेल्या धुळीला चिकटलं होतं. ब्रश किंवा रोलर काय करतो, ओलं प्रायमर दाबून पुट्टीच्या बारीक छिद्रात घालतो अन् जी थोडीफार धूळ आहे ती ओल्या प्रायमरमधे मळून टाकतो. मशीन तसं करत नाही, मशीन वरून थर टाकून निघून जातं. दिसायला झकास दिसतं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र, पण खाली पावडरचा थर तसाच. वर इमल्शनचे दोन हात चढले की ते वाळताना आकसतात, खालच्या थराला ओढतात, अन् कमजोर जागा सुटते. म्हणून फवारल्यावर लगेच, प्रायमर ओलं असतानाच, मागून रोलर फिरवायचा. ह्याला बॅकरोलिंग म्हणतात. पुट्टीवर पहिला हात प्रायमरचा असेल तर मी आता रोलरशिवाय काम सोडतच नाही.

पण थांबा. सगळे पोपडे ह्याच कारणानं पडत नाहीत, अन् रोलर हे सगळ्यावरचं औषध नाही. म्हणून आधी पोपडा उलटा करून बघा, मागच्या बाजूला काय आलंय त्यावर इलाज ठरतो.

मागं नुसती बारीक पांढरी भुकटी असेल अन् छतावर पुट्टी शिल्लक असेल, तर वर सांगितलेलं, धूळ किंवा कमजोर पुट्टी. ह्यात दोन प्रकार आहेत. उघड्या पुट्टीवर ओला स्पंज फिरवा, वाळू द्या, मग अंगठ्यानं जोरात घासा. अंगठा कोरा राहिला तर ती फक्त वरची धूळ होती, पुसायची अन् पुन्हा प्रायमर दाबून मारायचं. पण पुसल्यावरबी भुकटी येतच राहिली, जितकं घासाल तितकी येत राहिली, तर ती पुट्टी आतूनच मेलेली आहे. तिच्यावर कितीबी भारी प्रायमर मारा, टिकणार नाही, खरवडून काढावीच लागते. मालकाला हे सांगायला जड जातं, मला माहितीय, पण आत्ता सांगितलेलं बरं.

पुट्टी मरते कशी ते आपल्या मराठवाड्यातल्या लोकांनी खास समजून घ्या. व्हाइट सिमेंटची पुट्टी ही शेवटी सिमेंटच आहे, तिला घट्ट व्हायला पाणी लागतं. एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा 42 च्या वर जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब तापलेला असतो, प्लास्टर कोरडं ठणठणीत. अशा छतावर पाणी न शिंपडता पुट्टी ओढली की प्लास्टर पुट्टीतलं पाणी मिनिटात पिऊन टाकतं, सिमेंटचं काम अर्धवट राहतं अन् खडूसारखी भुकटी उरते. म्हणून सिमेंटच्या पुट्टीआधी छत ओलसर करायचं, ओघळ येईल इतकं नाही, ओलसर. दुसरी चूक म्हणजे कालवलेली पुट्टी. ती दोन-अडीच तासांत संपवायची असते. जेवायला जायच्या आधी कालवलेली बादली जेवून आल्यावर घट्ट झाली म्हणून त्यात पाणी टाकून पुन्हा ढवळायची, हे मी जागोजागी बघतो, मीबी पहिली काही वर्षं केलंय. घट्ट व्हायला लागलेलं सिमेंट पुन्हा पातळ केलं की त्याची पकड गेली. थोडी थोडी कालवा.

मागं पुट्टीचा आख्खा थर जाड निघून आला अन् वर स्लॅबचं काळं-करडं काँक्रीट चकचकीत दिसायलंय, तर ते शटरिंगचं तेल. आजकाल बरेच जण छताला प्लास्टर करत नाहीत, स्लॅबला डायरेक्ट पुट्टी. सेंट्रिंगवाले प्लेटला तेल लावतात, कधी कधी जळकं इंजिन ऑइल लावतात, ते काँक्रीटच्या खालच्या अंगाला राहतं. ओळखायचं कसं, थोडं पाणी शिंपडा, पाणी आत न जाता थेंब थेंब होऊन राहिलं की तेल आहे. तिथं डिटर्जंटच्या पाण्यानं तारेच्या ब्रशनं घासून धुवा, साध्या पाण्यानं पुन्हा धुवा, वाळू द्या, गुळगुळीत असेल तर टाचे मारून (छन्नीनं बारीक खाचा पाडून) घ्या अन् मगच पुट्टी. प्रायमरचा इथं काहीच दोष नाही.

मागं पिवळट, जुनाट, निळीचा चुना आला असेल तर तुमच्या आधीच्या पिढीचं काम आहे ते. आपल्याकडं जुन्या घरांत दर दिवाळीला चुन्याचे हात बसलेले असतात, वीस-वीस थर. चुन्याच्या सुट्या थराची स्वतःचीच पकड नसते, त्याच्यावर प्रायमर म्हणजे वाळूवर घर. खरवडायचं, धुवायचं, खाली पक्कं लागेपर्यंत. ऑइल पेंटवर मारलेलं असेल तर पोपड्याची मागची बाजू गुळगुळीत, चकाकती येते, तिथं पॉलिश पेपरनं चकाकी मोडल्याशिवाय काहीच धरत नाही.

अन् मागं कापसासारखे पांढरे तंतू किंवा मिठासारखे दाणे असतील तर तो लोणा. म्हणजे आत ओल आहे. पाणी प्लास्टरमधले क्षार विरघळवत बाहेर येतं, पृष्ठभागावर वाळतं, क्षार तिथं फुलतात अन् रंगाला आतून ढकलतात. वर टाकी आहे का, बाथरूम आहे का, गच्चीचा उतार बरोबर आहे का, आधी ते बघा. लातूरकरांना सांगायला नको, 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं प्यायला पाणी आलं होतं आपल्याला, तेव्हा बांधकामाला कुठलं पाणी मिळणार. त्या काळात उभी राहिलेली जी घरं माझ्याकडं कामाला आली, त्यातल्या बऱ्याच घरांचं प्लास्टर क्युरिंगला, म्हणजे ओलं ठेवून पक्कं करायला, पाणी न मिळाल्यामुळं कच्चं निघालं, पत्तीनं ओढलं की वाळू झरते, अन् खोल बोअरच्या क्षाराच्या पाण्यात कालवलेलं असेल तर लोणा जास्तच. लोणा काढताना एक लक्षात ठेवा, तो आधी कोरड्या ब्रशनं झाडून काढा. पाणी मारून धुवायला गेलात तर क्षार विरघळून परत आत जातात अन् वाळल्यावर पुन्हा हजर. ओल बंद झाल्याशिवाय प्रायमर मारू नका, मालक कितीबी घाई करू दे.

आता खरं काम. पुट्टी पूर्ण वाळलेली, 180 नंतर 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलेली. धूळ झाडूनं नका काढू, झाडू धूळ उडवतो अन् तासाभरात तीच परत छताला अन् भिंतीच्या वरच्या कडेला बसते. आधी मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम, मग ओलसर पिळलेला कपडा, छत आधी, भिंती नंतर, फरशी शेवटी. खिडकीची चौकट, पंख्याचा हूक, कोपरे विसरू नका, पोपडे तिथूनच सुरू होतात. पुसल्यावर काळा कपडा घेऊन छताला एक हात घासा, कपडा पांढरा झाला तर अजून पुसायचं बाकी आहे. हे पुसायचं काम कुणालाच आवडत नाही, मान अवघडते, डोळ्यात जातं, मजुरी दिसत नाही, पण मला विचाराल तर निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच संपतात.

वेळ. बहुतेक पेंटर म्हणतात उन्हाळ्यात छताचं काम सांच्याला करू, गार होतं. हवा गार होते, स्लॅब नाही. पाच-सहा इंचाचा काँक्रीटचा स्लॅब दुपारभर वरून तापतो अन् ती उष्णता खालच्या बाजूला यायला काही तास लागतात, म्हणून वरच्या मजल्याचं छत संध्याकाळीच सगळ्यात जास्त तापलेलं लागतं. पाच वाजता हात लावून बघा, अन् सकाळी सहाला लावून बघा. आम्ही उन्हाळ्यात वरच्या मजल्याचं छत पहाटे साडेपाचला सुरू करतो अन् नऊला थांबवतो, मग खालच्या मजल्याच्या भिंती. तापलेल्या छतावर फवारलेलं प्रायमर टेकता टेकता वाळतं, रोलर येईपर्यंत ते चिकट झालेलं असतं, अन् मग रोलर त्याला दाबण्याऐवजी ओढतो. अन् काम चालू असताना पंखा बंद. गरम होतं म्हणून पोरं फर्राटा पंखा लावतात, तो फवारा अर्ध्या वाटेत कोरडा करतो, छतावर ओलं प्रायमर न बसता कोरडी भुकटीच बसते, हात फिरवला तर खरखर लागते. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पण छतावर थेट वारा नको.

पातळ किती करायचं ह्यावर लई भांडणं होतात. पाण्याच्या प्रायमरच्या डब्यावर ब्रशसाठी जे प्रमाण लिहिलेलं असतं त्यात पाणी बरंच असतं, तेवढंच मशीनला लागतं असं नाही, एअरलेस मशीन जाड माल उचलतं. मी डब्यावर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आतच राहतो, थोडं पाणी टाकून आधी पुठ्ठ्यावर फवारा बघतो, पट्टा दोन्ही कडांपर्यंत सारखा आला की बास. जास्त पाणी घातलं की माल स्वस्त पडतो हे खरं, पण वाळल्यावर अंगात काही राहत नाही, पुट्टी पाणी पिते अन् बाइंडर (प्रायमरमधला धरून ठेवणारा चिकट भाग) कमी पडतो, मग हाताला पांढरं लागतं. प्रायमर गाळून घ्या, जुन्या मऊ साडीचा पदर किंवा नायलॉनची जाळी, नाहीतर दर दहा मिनिटाला टिप, म्हणजे गनच्या तोंडाचं बारीक छिद्र, तुंबेल.

टिप मी भिंती-छताला 517 वापरतो. पहिला आकडा दुप्पट करा, म्हणजे एक फुटावरून साधारण 10 इंचाचा पट्टा, अन् मागचे दोन आकडे म्हणजे छिद्र इंचाच्या 17 हजारांश. गन छतापासून साधारण फूटभर, सरळ, मनगटानं हातपंख्यासारखी झुलवायची नाही, सगळा हात सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा येत असतील तर प्रेशर कमी पडायलंय, आधी फिल्टर बघा, मग वायर बघा. आपल्याकडं व्होल्टेज कमी असतं, त्यात पोरं पातळ एक्स्टेन्शन वायर शंभर फूट ओढतात, मोटार दम धरत नाही. जाड वायर घ्या. अन् पट्टा आधी 10 इंच यायचा तो आता 7 वर आलाय अन् माल जास्त जायलाय, तर टिप झिजलीय, बदला.

आता रोलर. हे काम एकट्यानं होत नाही, हे आधी मान्य करा. एक जण फवारतो, दुसरा लांब दांड्याचा रोलर घेऊन त्याच्या मागं, चार-पाच फुटांपेक्षा जास्त मागं नाही. मजुरी वाचवायला एकच माणूस आधी आख्खं छत फवारतो, मग गन ठेवून रोलर उचलतो, तोवर पहिला कोपरा वाळून गेलेला असतो. रोलर 9 ते 12 मिलिमीटर केसाचा, आधी प्रायमरमधे भिजवून निथळलेला, कोरडा रोलर फिरवला तर तो छतावरचा मालच शोषून घेतो. दाब मध्यम. पहिल्या फिरवण्यात आडवा-उभा दाबून घासायचा, म्हणजे माल छिद्रात जाईल, अन् शेवटचा हात हलका, सगळे एकाच दिशेला, शक्यतो खिडकीच्या उजेडाच्या दिशेनं. छत संपेपर्यंत थांबायचं नाही, मधे चहा नाही, कारण जिथं थांबाल तिथं जोडाची रेघ येते. छत झालं की भिंती, वरून खाली.

एक फायदा बरेच जण विसरतात. रोलरमुळं सगळ्या छतावर बारीक एकसारखा दाणा येतो. पुढं वायरिंगवाल्यानं छिद्र पाडलं अन् तुम्हाला तेवढंच टचअप करायचं असेल तर रोलरचा टचअप रोलरच्या छतात मिसळून जातो. नुसत्या फवारलेल्या गुळगुळीत छतावर तो डागासारखा उठून दिसतो, सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आलं की तर हमखास.

रोलर मागून फिरवताना पुट्टीच रोलरला चिकटून यायलीय, हा सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार, अन् बहुतेक जण इथं घाबरून बॅकरोलिंगच सोडून देतात अन् म्हणतात रोलरनं काम बिघडतं. रोलरनं बिघडत नाही, रोलर फक्त बिघडलेलं दाखवतो. पुट्टी वाळलेली नसेल, किंवा कमजोर असेल, किंवा रोलर उशिरा आला अन् प्रायमर चिकट झालेलं असेल, ह्या तीनपैकी एक. रोलरला आलेला लगदा चोळून बघा. लोण्यासारखा मऊ असेल तर पुट्टी ओली आहे, दोन दिवस थांबा, पावसाळ्यात जास्त. खडूसारखा चुरा असेल तर पुट्टी मेलीय, वर सांगितलं तसं खरवडा. अन् पुट्टी अजिबात नाही, नुसते प्रायमरचे रबरासारखे धागे असतील तर उशीर झालाय, तेवढा भाग आता हात न लावता वाळू द्या, दुसऱ्या दिवशी 220 नं हलका घासून पुन्हा.

प्रायमर नंतर कुठं चकाकतंय कुठं मंद दिसतंय, म्हणजे पुट्टीनं जागोजागी कमी-जास्त पिलंय. पुट्टीचे ठिपके दुरुस्तीला मारलेल्या जागी हे जास्त होतं. तिथं दुसरा हात प्रायमरचा द्या, इमल्शननं ते झाकलं जाईल ह्या भरवशावर राहू नका. अन् आपल्या काळ्या मातीत घराचा पाया उन्हाळा-पावसाळ्यात हलतो, तिरक्या भेगा येतात, त्या प्रायमरनं बुजत नाहीत, त्या वेगळ्या भराव्या लागतात, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. एअरलेस मशीनमधे दोन-अडीच हजार पीएसआयचं प्रेशर असतं. टिप तुंबली म्हणून कधीच बोट पुढं लावू नका, प्रेशर सोडल्याशिवाय, मशीन बंद केल्याशिवाय टिप काढू नका. ती धार कातडीतून आत जाते, बाहेरून सुई टोचल्याएवढंच दिसतं, दुखतबी नाही सुरुवातीला, पण आत रंग पसरलेला असतो अन् ऑपरेशन लागतं, उशीर झाला तर बोट जाऊ शकतं. तसं झालं तर हळद लावून काम चालू ठेवू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा अन् रंग प्रेशरनं आत गेलाय हे स्पष्ट सांगा. हाताखालच्या लेकरांना पहिल्या दिवशी हेच शिकवा. मास्क अन् चष्मा तर रोजचा.

मेव्हण्याच्या घरी मग आम्ही दोन्ही खोल्यांचं सुटलेलं सगळं काढलं, अंगठ्यानं तपासत गेलो, हॉलमधे वरची धूळ होती अन् बेडरूममधे मात्र अर्धं छत मेलेलं निघालं, ते खरवडून ओलसर करून नवीन पुट्टी ओढली. पुट्टी पूर्ण वाळल्यावर पहाटे फवारा अन् मागं रोलर. इमल्शनच्या आधी एक दिवस थांबून टेप लावून बघितला, ब्लेडनं फुलीसारख्या दोन रेघा, वर रुंद टेप दाबून बसवला अन् झटक्यात ओढला, पाच जागी, त्यात पंख्याच्या हुकाजवळ दोनदा. चार जागी टेप कोरा आला. पाचव्या जागी, खिडकीच्या वर, टेपला पांढरं आलं, तिथं पडदा लावायच्या रॉडमागं पोरानं पुसलं नव्हतं. तेवढा दोन फुटाचा तुकडा परत केला अन् दुसऱ्या दिवशी परत टेप लावला.